द्रौपदाच्या घरी

नारायणगावजवळच्या एका वाइनच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत काम करतो. सतरा वर्षं झाली. द्राक्षात साखर किती, आंबटपणा किती, टाकीतला रस आंबून कुठवर आला, हे तपासायचं आणि खाली सही करायची. यंत्रं असतात, पण त्याआधी घोटभर तोंडात घेऊन घोळवायचं आणि थुंकायचंही असतं. माझी जीभ चांगली आहे. आमच्याकडं फ्रान्सहून आलेले फिलिपसाहेब म्हणायचे, कपिलची जीभ यंत्राच्या आधी सांगते. हे मोठेपणासाठी सांगत नाही. पुढं जे घडलं त्यात माझ्या जिभेवर विश्वास ठेवावा लागेल, म्हणून सांगतो.

फिलिपसाहेब त्र्याण्णव साली आले आणि पाच वर्षं राहिले. त्यांच्या बंगल्यावर स्वयंपाकाला माणूस हवा होता. माझा धाकटा भाऊ रुपेश दोनदा दहावी नापास होऊन वारूळवाडीला घरी बसला होता. मीच त्याला तिथं चिकटवला. साहेबांनी त्याला पाव भाजायला शिकवलं, वाइनमध्ये कोंबडी शिजवायला शिकवलं, सुरी कशी धरायची तेही शिकवलं. जाताना गोव्याच्या एका हॉटेलासाठी चिठ्ठी देऊन गेले. रुपेश गोव्याला गेला.

त्यानंतर वर्षभरातच आईला झटका आला. आईचं नाव द्रौपदा. जन्मभर दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत राबली. एका सकाळी बागेतच, घड विरळायचं काम करताना, कात्री हातातून पडली. उजवी बाजू गेली ती गेलीच. बावीस महिने ती आमच्या आतल्या खोलीत खाटेवर होती. मी आणि माझी बायको ज्योत्स्ना, आम्ही दोघांनी तिचं सगळं केलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. उजव्या हाताला सकाळ-संध्याकाळ तेल लावून मी अर्धा अर्धा तास चोळायचो. त्या हाताचं एक बोटही कधी हललं नाही. भाकरी दुधात कुस्करून द्यायचो, तर ती आधी डाव्या अंगठ्यानं प्रत्येक घास दाबून बघायची, मऊ झालाय का. मगच तोंड उघडायची.

वाचाही गेली होती. एकच शब्द उरला होता. मी भरवायला बसलो की माझ्याकडं टक लावून बघत ती म्हणायची, "रुपेश."

डॉक्टर म्हणाले, या आजारात एखादाच शब्द शिल्लक राहतो, त्याचा अर्थ लावत बसू नका. मी लावत नाही, असं मी सगळ्यांना सांगत होतो.

त्या बावीस महिन्यांत रुपेश दोनदा आला. ती गेली तेव्हा आला तो तिसऱ्या दिवशी, जलदानाच्या विधीला. सगळ्यात मोठ्यानं तोच रडला, आणि आळीतल्या बायका त्याचीच समजूत काढत बसल्या.

२००४ च्या फेब्रुवारीत त्याचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"दादा, पुण्यात स्वतःचं काढलंय. बिस्त्रो. तू आणि वहिनी जेवायला या."

"बिस्त्रो म्हणजे?"

"खानावळच रे. फ्रान्समधली. साधी, घरगुती."

गुरुवारी माझी सुट्टी. आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. कोरेगाव पार्कातल्या एका गल्लीत, वडाच्या झाडाखाली, जुन्या गॅरेजच्या जागेत त्यानं ते थाटलं होतं. दाराला हिरवा रंग. आत सहाच टेबलं, त्यांवर लाल-पांढऱ्या चौकटीचं कापड, भिंतीवर खडूनं पदार्थ लिहिलेली काळी पाटी. पावाचा आणि लोण्याचा वास. दुपारचं ऊन खिडकीतून टेबलावर पडलेलं. माणसं हळू आवाजात बोलत होती, कुणालाच उठायची घाई नव्हती. मला ती जागा आवडली. आवडली याचाच राग आला.

दारावरच्या पाटीवर इंग्रजी अक्षरांत दोन शब्द होते. दुसरा मला वाचता आला. आईचं नाव होतं.

"शे द्रौपदा," रुपेश म्हणाला. "म्हणजे द्रौपदाच्या घरी."

तिचं घर वारूळवाडीला होतं. तोंडावर आलेलं मी गिळलं. ज्योत्स्नानं मात्र पाटीला हात लावून नमस्कार केला.

आधी कांद्याचं सूप आलं. मातीच्या वाडग्यात, वर वितळलेलं चीज. मी पहिला चमचा तोंडात घेतला आणि तसाच थांबलो. आई चुलीच्या निखाऱ्यात अख्खा कांदा भाजायची, उंबऱ्यावर ठेवून मुठीनं फोडायची आणि त्यावर चिमूटभर ओवा चोळायची. तीच चव होती.

"ओवा घातलास?" मी विचारलं.

"नाही. थाइम. तिकडचा पाला असतो."

यात नवल नव्हतं. ओवा काय आणि थाइम काय, दोन्हींत थायमॉल नावाचं एकच द्रव्य असतं. मी ज्योत्स्नाला तसं समजावूनही सांगितलं. ती म्हणाली, "असेल. पण आत्याबाईंच्या हातचंच लागतंय."

मग कोंबडी आली आणि रुपेश स्वतःचं ताट घेऊन आमच्यात येऊन बसला. मध्ये पावाची टोपली होती, पण त्याच्या ताटात पाव वेगळा होता, आधीच तोडून ठेवलेला. सात-आठ तुकडे. प्रत्येक तुकड्यावर एक खळगा. अंगठ्यानं दाबावा तसा.

टोपलीतल्या तुकड्यांवर खळगे नव्हते. माझ्या ताटातल्या नाही, ज्योत्स्नाच्याही नाही.

"हे कुणी दाबलं?" मी विचारलं.

रुपेशनं तुकड्याकडं पाहिलं आणि तो तोंडात टाकला. "असंच येतं," तो म्हणाला.

आईची ती सवय आजारपणातली होती. रुपेशनं ती कधी पाहिली नव्हती. आला तेव्हा दोन्ही वेळा तो खाटेजवळ बसून रडला आणि त्याच संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. तिला भरवायला तो कधी थांबलाच नव्हता.

हात धुवायच्या निमित्तानं मी मागं गेलो. स्वयंपाकघर लहान होतं. मागच्या दाराबाहेर मोरीशी एक बाई भांडी घासत होती. तिचं नाव लंकाबाई. आपल्याकडचीच निघाली, आंबेगावची. डिंभ्याच्या धरणात घर गेलं तेव्हापासून पुण्यात होती. मी नारायणगावचा म्हटल्यावर मोकळी झाली.

"इथं स्वयंपाकाला अजून कोण आहे?" मी विचारलं.

"मालक, न् दुसरं कोन? कांदं-बिंदं सोलाया मावशी येत्यात."

"कोण मावशी?"

"मालकाच्या आई." तिनं भांड्यावरून नजर उचलली नाही. "बोलत न्हाईत कायबी. पर लई मायाळू. मालकाच्या ताटातला पाव आदी सोता दाबून बगत्यात."

दारालगत एक लाकडी खोकं उपडं ठेवलेलं होतं. त्याच्या शेजारी पातेलंभर सोललेले कांदे. मी खोक्यावर हात ठेवला. फळी कोमट होती. तिथं ऊन पोचत नव्हतं.

"आत्ता व्हत्या," लंकाबाई म्हणाली. "तुमी आलात न् उठल्या जनू."

"त्यांचा उजवा हात," मी म्हणालो, आणि पुढं कसं विचारावं ते सुचेना. "कसा आहे?"

"कसा म्हंजी? दोनी हातानं भराभर सोलत्यात."

मी परत टेबलाशी आलो. गिऱ्हाइकं पांगली होती. रुपेशला मी सरळ विचारलं. तो नाकबूल झाला नाही, दचकलाही नाही.

"येते," तो म्हणाला. "उघडलं त्या दिवसापासनं."

"तू पाहिलंस?"

"नाही. मी वळत नाही. पाठीमागं असते, कळतं. वळलो तर जाईल असं वाटतं, म्हणून मी आपला काम करत राहतो."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

तो टेबलावरचे पावाचे कण गोळा करू लागला. "तुला वाईट वाटलं असतं, दादा. तू बघायला नको जाऊस. नुसता येऊन बसत जा. जेव. ती आहे एवढं पुरे."

परतीच्या एसटीत ज्योत्स्ना खिडकीबाहेर बघत होती. मंचरच्या पुढं ती म्हणाली, "खरं असो-खोटं असो, पण हात बरा झाला म्हणायचा त्यांचा. मला बरं वाटलं ऐकून."

मला बरं वाटलं नव्हतं. खरं तर मला भीतीही वाटली नव्हती. मेलेलं माणूस येऊन कांदे सोलतं, हे ऐकून माणसाला भीती वाटायला हवी. माझ्या डोक्यात एवढंच फिरत होतं, की ती आली आणि त्याच्याकडं गेली. बावीस महिने मी तिचा मळ काढला, आणि पाव दाबते ती त्याच्यासाठी.

त्यानंतर मी दर गुरुवारी जाऊ लागलो. ज्योत्स्नाला सांगायचो, प्रयोगशाळेचं सामान आणायचंय. दुपारी बाराच्या सुमाराला कोपऱ्यातलं टेबल धरायचं आणि सूप मागवायचं. रुपेश आणून ठेवायचा. सूप मी कारखान्यातल्या नमुन्यासारखं तोंडात घोळवायचो. पहिल्या गुरुवारी चव पूर्ण होती. दुसऱ्या गुरुवारी थोडी कमी. तिसऱ्या गुरुवारी ते निव्वळ कांद्याचं सूप होतं, चांगलं, पण कुणीही करावं असं. शेजारच्या टेबलावरची म्हातारी पारशी बाई मात्र डोळे मिटून खात होती. मी रुपेशला म्हणालो, मला तिच्यातलं चमचाभर आणून दे. त्यानं त्याच पातेल्यातलं आणलं. वाडगा माझ्यापुढं येईपर्यंत त्यातला ओवा गेलेला होता.

आणि दर वेळी मी मागं गेलो की खोकं रिकामं. कोमट आणि रिकामं.

"तुमी आला की जात्यात," लंकाबाई एकदा म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. "का वो भाऊ? तुमच्या बी आईच ना त्या?"

मार्चच्या शेवटच्या गुरुवारी मी पुढच्या दारानं गेलोच नाही. मागच्या बाजूला एक बोळ होता. त्यात स्वयंपाकघराची खिडकी उघडायची, जाळी मारलेली. दुपारचा एक वाजला होता. बोळात लख्ख ऊन होतं. मी चपला काढून हातात घेतल्या आणि भिंतीच्या कडेनं खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

ती होती.

खोकं तिनं आत, शेगडीच्या मागं ओढून घेतलं होतं. अंगावर हिरवं लुगडं, केस नीट विंचरलेले. चेहरा भरलेला, मी कॉलेजात असताना होता तसा. मांडीत पातेलं. दोन्ही हात चालत होते. लंकाबाई म्हणाली तसे, भराभर.

रुपेश शेगडीपाशी तिच्याकडं पाठ करून उभा होता. सदऱ्यावर पाठीला पीठ लागलेलं होतं. तिनं कांदा खाली ठेवला. उजवा हात पुढं केला. तेल लावून लावून माझे तळवे झिजले, तो हात. तिनं त्याच्या पाठीवरचं पीठ अलगद झटकलं.

तो वळला नाही. नुसता हसला.

मी जाळीला धरलं. जाळी वाजली.

तिनं वर पाहिलं.

मला पाहिलं, आणि उजवा हात मांडीत पडला. दगड पडावा तसा. मग तोंडाचा उजवा कोपरा खाली आला. मग डोळा. गाल आत गेले. ओठाच्या कडेतून लाळेची तार निघून लुगड्यावर आली. माझ्यासमोर, दहा-बारा श्वासांत, ती आमच्या आतल्या खोलीतली झाली.

तेव्हा मला काय वाटलं ते खरं सांगतो. शरम नाही वाटली. मला वाटलं, ही माझी. ती दुसरी त्याची होती, पण ही माझी आई आहे. हिला मी ओळखतो.

"आई," मी हळूच म्हणालो. "चल घरी. मी करतो तुझं."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्याजवळ असलेला एकमेव शब्द तिनं उच्चारायचा प्रयत्न केला. ओठ हलले. आवाज आला नाही.

रुपेश मान वर करून वास घेत होता, काहीतरी करपल्यासारखा. मी वळलो आणि चालू लागलो. मागं पाहिलं नाही. एवढं मी त्याच्याकडून शिकलो होतो.

शिवाजीनगरहून नाशिकची गाडी मिळाली. मी बाकावर कडेला बसलो, खिडकीकडची जागा सोडून. चाकणपर्यंत गाडी गच्च भरली, माणसं उभी होती, पण ती जागा कुणी मागितली नाही. खेडच्या घाटात गाडी वळणं घेऊ लागली तेव्हा पुढच्या बाकावरची बाई मागं वळून म्हणाली, "भाऊ, आजीची मान पडतीय. खांद्यावर घ्या की जरा."

मी खांदा पुढं केला. नारायणगाव येईपर्यंत तो हलवला नाही.

घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. आतल्या खोलीत ज्योत्स्नाचं शिवणयंत्र होतं, ते मी ओढून बाहेरच्या खोलीत आणलं. माळ्यावरून खाट काढली आणि जागच्या जागी लावली.

"पाहुणे येणारेत का?" ज्योत्स्नानं विचारलं.

"नाही."

तिनं खाटेकडं पाहिलं. मग माझ्या खांद्याकडं. सदरा तिथं ओला होता.

ती त्या खोलीत गेली नाही. चार दिवसांनी, मी भाकरी दुधात कुस्करत असताना, ती दारात उभी राहून म्हणाली, "मीबी तुमच्याइतकंच केलंय त्यांचं. पण त्या आपल्याच राहाव्यात असं मला कधी वाटलं नाही. सोडा त्यांना."

"कुणाला?" मी म्हणालो.

 दुसऱ्या दिवशी ती ओतूरला माहेरी गेली. अधूनमधून येते, पुढच्या खोलीत बसते, कपडे-बिपडे घेऊन जाते.

रुपेशचे फोन येत राहिले. आधी म्हणाला, आई येत नाही, तब्येत बरी नसेल. मग म्हणाला, सूप जमत नाही. जूनमध्ये तो स्वतः आला. वाळला होता. पुढच्या खोलीत खुर्चीवर बसला. मी चहा केला.

"लंकाबाईनं काम सोडलं," तो म्हणाला. "म्हणाली, मावशी न्हाईत तर करमत न्हाई."

"दुसरी बघ."

"बिस्त्रोपण बंद करतोय दादा." त्यानं कप खाली ठेवला. "आई इकडं आली का?"

"नाही."

तो आतल्या खोलीच्या दाराकडं बघत होता. दार बंद होतं.

"एकदा हाक मारून बघू?" त्यानं विचारलं. परवानगी मागावी तसं.

"चहा निवतोय," मी म्हणालो.

त्यानं चहा संपवला. जाताना तो माझ्या पाया पडला. लहानपणीही कधी पडला नव्हता. मी त्याला स्टँडपर्यंत सोडायला गेलो, गाडी सुटेपर्यंत थांबलो.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. बावीस महिन्यांच्या वर झाले. कारखान्यात कुणाला काही माहीत नाही. मी जेवणाच्या सुट्टीत घरी येतो, कूस बदलतो, हाताला तेल लावतो. दुधातली भाकरी ठेवतो. कामावर निघताना दार ओढून घेतो आणि कडी बाहेरून घालतो. सुरुवातीला मी निघालो की दार आतून वाजायचं, हळू, थांबून थांबून. आता वाजत नाही. दाराच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून चौदा सेंटिमीटरवर, नखांच्या रेघा पडल्या होत्या. मागच्या गुरुवारी मी त्या पॉलिश पेपरनं घासून काढल्या आणि वर रंगाचा हात दिला.